ओढ्याची सलग रेघ

नकाशा कार्यालय, तिसरा मजला
९ जानेवारी

ताई,

तुला नमस्कार आणि नानांना वाकून नमस्कार. काम निघालं की धाकट्याला बहीण आठवते, असं तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो. कबूल. पण काम असं आहे की तुझ्याशिवाय ते सांगू तरी कुणाला?

आमच्याकडे जुने नकाशे नव्याने काढायला घेतलेत. बावीस वर्षांपूर्वीचे आहेत, त्यातले निम्मे आता खोटे झालेत. सगळा ढीग माझ्या टेबलावर आणून आदळलाय. दिवसभर वाकून मान धरते, संध्याकाळी जिना उतरताना कठडा सोडवत नाही. परवा असाच एक नकाशा उलगडला तर समोर आपला ओढा! अर्ध्या कागदावर मोठ्या तळ्याचा निळा रंग आणि त्याच्या काठाला लोंबणारा बोटभर निळा दोरा. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यांना बोलावून दाखवलं, बघा, इथे आमचं घर. ते म्हणाले, इथे तर काहीच नाही. म्हटलं, घर काढण्याइतकी जागा नाही हो, पण आहे.

तर मला ओढ्याची सगळी हकीकत हवी. उगम अजून दगडाच्या खाणीमागेच आहे का, मधे कुणी वळवलाय का, तळ्याला मिळतो ते तोंड जुन्याच जागी आहे का. आणि मुख्य म्हणजे पाणी बारा महिने वाहतं का. आमचा नियम सोपा आहे. बाराही महिने वाहणारा ओढा सलग रेघेने काढायचा, मधे आटणारा तुटक रेघेने. जिथे तुटक रेघ येईल तिथलं पाण्याची पातळी मोजायचं केंद्र यंदा बंद होणार. सलग असेल तर पुढची दहा वर्षं चालू. केंद्र बंद म्हणजे नानांची मोजपट्टी गेली आणि मोजणीदाराचं घरही गेलं. पण तू घाबरू नकोस, मी बसलोय ना इथे. चौतीस वर्षं सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, एकही दिवस खाडा नाही, असा मोजणीदार आमच्या अख्ख्या यादीत दुसरा नाही. मोठे साहेब परवा सगळ्यांसमोर म्हणाले. वडिलांबद्दल ऐकून माझी छाती फुगली.

आपल्या टिंगीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. आई नाही, तेव्हा मोठी बहीण म्हणून दुसऱ्या वेळी तरी जा तिच्याकडे. गेल्या बाळंतपणात तू गेली नाहीस ते तिच्या मनात अजून आहे. तुझ्या भावजयीला ती बोलली होती. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

तुझा,
धाकटा

---

मोजणीदाराचं घर
२४ जानेवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र नानांना दोनदा वाचून दाखवलं. चौतीस वर्षांचं वाक्य तिसऱ्यांदा.

ओढा चालून आले. पावणेसहा किलोमीटर जायला सकाळ गेली, यायला दुपार. आता पाय बादलीत घालून लिहितेय, म्हणून अक्षर असं. उगम खाणीमागेच आहे, पण तू लहानपणी तोंड लावून पाणी प्यायचास ते तीन झरे राहिले नाहीत. एक उरलाय. दगडाच्या भुकटीने तोही पांढरट झालाय. तिथून ओढा लाकडाच्या वखारीमागून येतो. वखारवाल्याने एक वळण सरळ करून टाकलंय, ते नकाशात दुरुस्त कर. मग शाळेची भिंत, मग रस्त्याचा पूल. पुलापर्यंत या दिवसांत घोट्याएवढं पाणी आहे. मार्च उजाडला की तेही नाही.

पुलाखालचं मात्र नीट वाच. पुलापासून तळ्यापर्यंतचे सहाशे मीटर म्हणजे ओढा नव्हेच. पूर्वी नावा आत घेता याव्यात म्हणून तेवढं पात्र खोल खणलं होतं, त्यामुळे तळ्याचंच पाणी आत येऊन बसतं. उन्हाळ्यात वरून थेंब येत नाही, तरी मोजपट्टीवर दोन-अडीच फूट दिसतं. ते तळ्याचं. पट्टी नेमकी त्याच भागात रोवलीये. तळ्यावरून वारा सुटला की पाऊस नसताना पाणी तीन बोटं चढतं आणि वारा पडला की उतरतं. ओढा कधी असा वागतो का?

तोंडही हललंय. लाटांनी वाळू टाकून टाकून जुनं तोंड बुजवलं. आता ओढा तळ्याजवळ येतो, डावीकडे वळतो, काठाकाठाने दोनशे बारा पावलं जातो आणि मग कुठे त्याला वाट सापडते. दार समोर असून घराला वळसा घालणाऱ्या पाहुण्यासारखा. पावलं माझी आहेत, तुझी मोठी पडतील.

टिंगीची तारीख चार मे. बघू कसं जमतं ते. भावजयीला सांग, मी काही म्हटलेलं नाही.

नाना बरे आहेत. गुडघे कुरकुरतात. खाली ते दोन ओळी लिहितायत.

ताई

चि. धाकट्यास आशीर्वाद. मान जपावी. काम अचूक करावे, घाई करू नये.
— नाना

---

नकाशा कार्यालय
११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. दोनशे बारा पावलं वाचून चष्मेवाले इतके खूश झाले की त्यांनी तुला इथे नोकरी द्यायची ठरवलीये. वखारीचं वळण आणि नवं तोंड, दोन्ही तू म्हणतेस तसं काढलं. नानांच्या दोन ओळीही दाखवल्या सगळ्यांना. या वयात काय ते अक्षर! त्यांच्या मोजणीच्या वह्यांतला तो सात तर अजून अगदी आपल्या लहानपणचाच.

पाण्याबद्दल मात्र तुझं-माझं जमत नाही. मी काय केलं सांगतो. नानांच्या वीस वर्षांच्या वह्या तळघरातून काढवल्या, एकेक आकडा कागदावर मांडला. आठ दिवस गेले. मान पार गेली. पण चित्र काय सुंदर आलंय! बाराही महिने पाणी. एक दिवस शून्य नाही. पलीकडच्या काठावरच्या धक्क्याजवळ तळ्याची पट्टी आहे, तिचे आकडे शेजारी ठेवले तर दोघं हातात हात घालून वरखाली होतात. आपला ओढा तळ्याला कधी एकटं सोडत नाही, असं मी साहेबांना म्हणालो. ते हसले.

तू म्हणशील, तेच तर मी सांगत होते. पण ताई, तू एकदा चालून आलीस. नानांचे आकडे वीस वर्षांचे आहेत. कागदावर इतकं पाणी असताना मी ते तुटक कसं काढू? आणि खरं सांगू का, तू दमलीयेस. दमलेल्या माणसाला सगळंच कोरडं दिसतं. मलाही दिसतं. ऑफिसातून घरी गेलो की भिंतसुद्धा आखडलेली वाटते.

घराची काळजी सोड. मी केंद्र वाचवतो की नाही बघ.

धाकटा

---

मोजणीदाराचं घर
२० फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. थोडक्यात लिहिते, सहाला पट्टीवर जायचंय.

सलग रेघ काढू नकोस. मी एकदा चालून आलेली नाही, मी इथे राहते. ते दोघं हातात हात घालून चालत नाहीत, तिथे एकच जण आहे. तू तळ्याला दोन ठिकाणी मोजलंस आणि दोघं भेटले म्हणून खूश झालास.

केंद्र बंद होत असेल तर होऊ दे. नानांची समजूत मी घालीन. घर जायचं तर जाऊ दे. एवढं माझं ऐक.

ताई

---

नकाशा कार्यालय
१६ मार्च

ताई,

पेढे वाट! परवा साहेबांची सही झाली. सलग रेघ, गडद निळी, उगमापासून तोंडापर्यंत. केंद्र पुढची दहा वर्षं चालू. नानांना कार्यालयाकडून सन्मानपत्र येणार आहे, त्याच्या मजकुराचं काम माझ्याकडेच दिलंय.

तुझं मधलं पत्र मिळालं. "घर जायचं तर जाऊ दे" वाचून मला रडू आलं. तू नेहमीच अशी. माझ्या शिक्षणाच्या वेळी तू स्वतःचं शिक्षण सोडलंस, तेव्हाही असंच म्हणाली होतीस, जाऊ दे. मी त्याच वेळी ठरवलं, या वेळी ताईला काही सोडू द्यायचं नाही. साहेबांनी शंका काढली होती, तुझ्या पत्रातला तळ्याच्या पाण्याचा मजकूर मीच त्यांना वाचून दाखवला होता ना. मी म्हणालो, साहेब, ती बहीण आहे माझी, मला त्रास नको म्हणून लिहितेय. आकडे बघा. त्यांनी आकडे बघितले.

नानांना म्हणावं, आता निवांत मोजत बसा.

तुझा,
धाकटा

---

मोजणीदाराचं घर
२१ मार्च

धाकट्या,

हे पत्र नानांना वाचून दाखवलेलं नाही. तूही कुणाला दाखवू नकोस. चष्मेवाल्यांना तर नाहीच.

नानांना नऊ वर्षं झाली, आकडे दिसत नाहीत. डोळ्यांमागचा पडदा गेला, परत येणार नाही असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले. उजेड कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं, बस. त्या दिवशी दवाखान्यातून येताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की हे धाकट्याला कळवायचं नाही आणि कार्यालयाला तर मुळीच नाही. दोन महिने मी वाचते, मग बघू, असं ठरलं होतं. त्या दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली.

वह्यांमधला तो सात माझा आहे. त्यांच्यासारखा काढायला शिकले. पत्राखालच्या दोन ओळीही माझ्याच. मान जप असं ते म्हणाले खरे, पण लिहिलं मी.

सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. मधे बारा तास. बारा तासांत जाऊन येता येईल तिथवर माझं जग. तू लिहिलंस ना, टिंगीच्या पहिल्या बाळंतपणाला मी गेले नाही म्हणून. गेले होते. सकाळचा आकडा घेऊन साडेसातची बस पकडली. शेजारच्या नाववाल्याच्या बायकोला नानांच्या जेवणाचं सांगितलं होतं, आणि दोन दिवसांचे आकडे मागाहून अंदाजाने भरीन असं ठरवलं होतं. चार तासांनी गाडी बदलायची होती. तिथे बाकावर बसले आणि डोळ्यांसमोर एकच यायला लागलं, नाना काठी घेऊन पट्टीकडे निघालेत आणि खालची शेवाळलेली पायरी त्यांना दिसत नाहीये. ते गेलेच असते, तू ओळखतोस त्यांना. समोर परतीची गाडी उभी होती, तिच्यात बसले. संध्याकाळी सहाला पट्टीसमोर हजर. तुम्हा सगळ्यांना कळवलं की ताप आलाय. टिंगीसाठी नेलेले लहान कपडे त्याच पिशवीत घेऊन परत आले रे मी.

म्हणून म्हणत होते, तुटक काढ. मी खोटं सांगायला लावत नव्हते, खरं तेच सांगत होते. नऊ वर्षं मी एकेक आकडा इमानदारीने लिहिला, आणि त्याच आकड्यांवरून तू मला आणखी दहा वर्षं इथे बांधलंस. आता मी बावन्नची आहे. दहा वर्षांनी काय उरेल? आणि वर सन्मानपत्र! त्याचा मजकूर लिहिताना कुणाचं नाव घालणार आहेस?

तू प्रेमाने केलंस हे मला कळतं. म्हणून तर नीट रागावताही येत नाही, आणि तेच जास्त जड जातं. तुझ्या प्रेमाला इथे यायला अकरा वर्षांत सुट्टी मिळाली नाही. आईच्या वेळी आलास ते शेवटचं.

मी थकले, धाकट्या. झोपून जाणारा थकवा नाही हा. टिंगीची तारीख चार मे. मला तिथे असायचंय. तू काय ते बघ.

ताई

---

मोजणीदाराचं घर
६ मे

ताई,

नमस्कार. पोचल्याची चिठ्ठी मिळाली. टिंगीला आशीर्वाद सांग. बातमी येईल म्हणून रोज पोस्टमनची वाट बघतो, तो लांबूनच हात हलवून "नाही" म्हणतो.

तुला जाऊन बारा दिवस झाले. तू दोन दिवस जे जे शिकवलंस ते सगळं करतोय. पट्टीसमोर डोळे पाण्याच्या पातळीत आणायला खाली बसावं लागतं, हे तू हसत हसत करून दाखवलं होतंस. मला तिसऱ्या दिवशी उठताच येईना, नाववाल्याने काखेत हात घालून उठवलं. सकाळचं काम अर्ध्या तासाचं, संध्याकाळचं अर्ध्या तासाचं, मग मधला दिवस मोकळा, असा माझा समज होता. मोकळा कसला! चार वाजले की मन घड्याळाकडे. परवा वखारीपलीकडे गेलो होतो, गप्पांत साडेपाच झाले, तिथून जो पळत सुटलो तो धापा टाकत पायरीवर. बारा दिवसांत माझ्या नाकी नऊ आले. तू नऊ वर्षं कशी काढलीस?

ओढा चाललो, उगमापर्यंत. पुलाखालून मी बूट न काढता पलीकडे गेलो. चिखलाला भेगा पडल्यात, त्यांत हात जाईल एवढ्या. पुलाच्या खालच्या अंगाला तेच पाणी सुरू होतं, हिरवं, स्थिर. काडी टाकली तर ती माझ्याकडे यायला लागली, तळ्यापासून वर. तिथे बसून राहिलो बराच वेळ. शाळेच्या भिंतीपलीकडे पोरं पाढे म्हणत होती. आठ दिवस आकडे मांडत बसलो, त्याऐवजी एक दिवस इथे आलो असतो तर! नव्या तोंडाची पावलं मोजली. माझी एकशे एक्क्याऐंशी.

आता मुख्य. काल वारा सुटला होता. आकडा घेऊन आलो तर नाना ओट्यावर बसूनच म्हणाले, "आज तीन बोटं चढलं असेल." खरंच तेवढंच चढलं होतं. मी विचारलं, "नाना, कसं ओळखलंत?"

"वारा तळ्यावरून आहे ना."

"म्हणजे हे पाणी ओढ्याचं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून. दोनदा कार्यालयाला लिहून कळवलं, पट्टी पुलाच्या वर हलवा. उत्तर आलं, मोजणीदाराने आकडे पाठवावेत, मत पाठवू नये. मग नाही पाठवलं."

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. म्हटलं, उपयोग नाही हे माहीत असताना ताईला का अडकवलंत? काठीने ओट्याची कड चाचपत होते. मग म्हणाले, "तुला जायचंय का, असं एकदा तिला विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"का नाही विचारलं?"

"ती हो म्हणाली असती."

मी शब्द बदललेला नाही, ताई. असंच म्हणाले. मग जेवायला आत गेले.

धाकटा

---

टिंगीच्या घरून
१५ मे

धाकट्या,

मुलगी झाली, अकरा तारखेला. म्हणजे आठवडाभर उशिराच. आम्ही दोघी दिवस मोजून कंटाळलो, तिला घाई नव्हती. वजन चांगलं आहे. टिंगी बरी आहे. नाव ठरलेलं नाही, तोवर मोठी तिला "ही" म्हणते. मोठी चार वर्षांची झाली, मी तिला पहिल्यांदा हाताने भरवलं. आधी लपली, मग "तू फोटोतली ना?" म्हणाली.

टिंगीला सगळं सांगितलं. बसस्टँडचंही. तिने उठून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, पोट सावरत. मग म्हणाली, मला सांगितलं असतंस तर मी चार वर्षं रुसून तरी बसले नसते. खरं आहे. या घरात सगळे एकमेकांना सांभाळून गप्प बसले आणि सगळ्यांचंच नुकसान झालं.

नानांचं वाचलं. दोनदा. राग आला, असं लिहिते, कारण आला. तू काय किंवा ते काय, मला प्रश्नच विचारला नाहीत. तू उत्तर आधीच ठरवलंस आणि ते उत्तराला घाबरले. त्यांच्यावरचा राग मात्र विचित्र आहे. निदान ते खरं बोलले.

दुपारी झोपते. इथे मला कुणी उठवत नाही. पहिला आठवडा पावणेसहाला आपोआप पाय जमिनीवर यायचे, उठून परक्या स्वयंपाकघरात उभी राहायचे, कुठे जायचंय ते आठवेना. आता तसं होत नाही. काल साडेसात वाजले. टिंगीची सासू म्हणाली, झोपा हो, तुमचा चेहरा बघवत नव्हता आल्या दिवशी.

पत्र मोठं लिहवत नाही. बाळ उठलं.

ताई

---

मोजणीदाराचं घर
८ जून

ताई,

नमस्कार, आणि त्या बिननावाच्या बाईसाहेबांना खूप खूप आशीर्वाद.

मी साहेबांना कळवलं. लिहिलं की रेघ चुकीची आहे, चूक सर्वस्वी माझी आहे, जागेवरच्या माणसाने बजावून सांगितलं होतं तरी मी ऐकलं नाही. नानांच्या डोळ्यांचंही लिहिलं. ते मी लपवून ठेवणार होतो, पण नाना म्हणाले, "सगळं लिही, आणि माझी सही घे." पेन हातात दिलं. सही ओळ सोडून पार खाली गेली. मी कागद बदलतो म्हटलं तर म्हणाले, असू दे, तेवढीच खात्री पटेल त्यांना.

उत्तर काल आलं. साहेब भयंकर चिडलेत. छपाईला गेलेला नकाशा परत मागवावा लागला. नकाशांचं काम माझ्याकडून काढून घेतलंय, आता मी जावक टपाल बघणार. मान तरी सुटेल, असं तुझी भावजय म्हणते. पुलापासून वर तुटक रेघ, आणि पुलाखालचा भाग तळ्याच्याच रंगात, तळ्याचा एक फाटा म्हणून. तू पहिल्या पत्रात सांगितलं होतंस अगदी तसं. केंद्र ३० जूनला बंद. घर सप्टेंबरअखेर सोडायचंय. नऊ वर्षांच्या वह्यांचं काय करायचं ते वर ठरेल. मला विचारलं तर मी तुझं नाव घालायला सांगीन. विचारतील असं वाटत नाही.

नाना माझ्याकडे येणार. मधल्या खोलीत त्यांची खाट टाकतो. त्यांना ते पसंत नाही हे दिसतं, पण तसं म्हणाले नाहीत. मीच विचारलं, नाना, यायचंय ना? या वेळी विचारलं. ते म्हणाले, "नाही. पण येतो."

एक निरोप आहे. काल संध्याकाळी आकडा सांगायला गेलो तर म्हणाले, तिला लिही. मी कागद घेऊन बसलो. म्हणाले, "घर आवरायला तू येशील का, असं मी विचारतोय. मी विचारतोय असं लिही. नाही आलीस तरी चालेल असंही लिही." मग थांबले आणि म्हणाले, "तेवढं शेवटचं काढून टाक. मला चालणार नाही. पण तिने तिचं बघावं."

मी दोन्ही लिहिलंय.

धाकटा

---

टिंगीच्या घरून
१७ जून

धाकट्या,

आशीर्वाद. तुझं टेबल गेलं याचं वाईट वाटलं. तुला रेघा ओढायला किती आवडतं ते मला माहीत आहे. तुझ्यावरचा राग आता गेलाय, हे लेखी घे, पुन्हा मिळेलच असं नाही.

आता नानांचं. हे त्यांना जसंच्या तसं वाचून दाखव, मधे स्वतःचं काही घालू नकोस.

नाना, तुम्ही विचारलंत. बावन्न वर्षांत पहिल्यांदा विचारलंत, म्हणून नीट विचार करून उत्तर देते. नाही, मी येत नाही. घर धाकटा आवरील. माझं तिथे एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात मला हवंसं काही नाही. मी तुमच्यावर रागावलेली आहे आणि अजून बरेच दिवस राहणार आहे, ते मला निवांतपणे करू द्या. मी इथे बरी आहे. तुम्ही शेवाळलेल्या पायरीवर जाऊ नका, तीस तारखेनंतर तर मुळीच नाही, तिथे आता काही वाचायचं उरलेलं नाही.

हे ऐकून तुम्ही गप्प बसाल आणि पुन्हा कधी विचारणार नाही. तसं करू नका. दिवाणखान्यात धाकट्याची पोरं गोंगाट करत असतील, तुम्हाला करमणार नाही, तेव्हा धाकट्याला कागद घ्यायला सांगा आणि विचारा. पुढच्या महिन्यात विचारा, त्याच्या पुढच्या महिन्यातही. मी कदाचित नाहीच म्हणेन. तरी विचारा.

ताई